घाटात गाडी दम तोडते: क्लच टाकण्याआधी काय तपासायचं

तुमची गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, रनिंग नव्वद हजारांच्या पुढे. नाशकात कुठेही फिरवा, तक्रार नाही. पण मुंबईहून येताना कसाऱ्याचा घाट लागला की चार माणसं आणि एसी घेऊन ती तिसऱ्यात मरते, दुसरा टाकावा लागतो आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. एका गॅरेजात प्लग आणि एअर फिल्टर बदलून इंजेक्टर साफ करून घेतलेत, फरक काही पडला नाही. दुसऱ्याने सांगितलं की क्लच प्लेट गेली आहे, त्याने भागलं नाही तर इंजिन खोलावं लागेल. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन सप्तशृंगी गडावर जायचंय, तेव्हा क्लच टाकून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच टाकू नका. कदाचित क्लचच गेलेला असेल, पण तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून कुणीच ते ठरवू शकत नाही. आधी एवढं कळायला हवं की इंजिनात ताकद तयारच होत नाही, की होते पण चाकापर्यंत पोचत नाही, की पोचूनही कुठे अडकलेल्या ब्रेकमध्ये वाया जाते. चौथी शक्यताही आहे, ती ऐकायला कुणाला आवडत नाही: गाडी ठणठणीत आहे आणि गिअर चुकतोय.

सपाटीवर दोष का दिसत नाही, हे आकड्यांत बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडी, चार माणसं आणि बॅगा मिळून १३०० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी ६० ने चालायला टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध मिळून फार तर सहा-सात हॉर्सपॉवर लागतात. तोच वेग सहा टक्के चढावर ठेवायचा, म्हणजे १०० मीटर जाताना ६ मीटर वर चढायचं, तर नुसतं वजन उचलायला आणखी सतरा लागतात. त्यात एसीचे दोन-चार. बेरीज पंचविसाच्या पुढे जाते, म्हणजे सपाटीच्या जवळजवळ चौपट. तुमच्या इंजिनाची अर्धी ताकद गेलेली असली तरी गंगापूर रोडला ते कधी कळणार नाही, कारण तिथे तुम्ही दहावा हिस्साच वापरता. रेल्वेसुद्धा कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं जोडते, आणि रुळांचा चढ ३७ ला १ एवढाच आहे. रस्ता ठिकठिकाणी त्याहून खडा आहे.

आता चौथी शक्यता आधी निकालात काढू, कारण तिला खर्च नाही. कंपनी जी ऐंशी-पंच्याऐंशी हॉर्सपॉवर सांगते ती ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळते. २००० आरपीएमला हेच इंजिन पूर्ण रेस देऊनही सत्तावीस-अठ्ठावीस देतं, ३५०० ला पन्नासच्या आसपास. म्हणजे २००० च्या खाली काटा असताना चढावर पाय कितीही दाबा, गाडी नुसती गुरगुरणार. आपल्याकडे ‘जास्त रेस दिली की इंजिन खराब होतं’ हा समज इतका पक्का आहे की लोक घाटात १५०० वर चौथा ओढत नेतात आणि पिकअप गेला म्हणून गॅरेजला येतात. छोट्या पेट्रोल इंजिनाला चढावर ३००० ते ४००० मध्ये फिरवा, त्याला काही होत नाही. उलट कमी आरपीएमवर पूर्ण दाबून ओढलं की नॉकिंग होतं (पेट्रोल अवेळी पेटून टकटक होते), इंजिन तापतं, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकून ताकद आणखी कमी करतो. वेग उतरण्याच्या आधी, काटा २५०० च्या खाली यायच्या आत गिअर उतरवायचा. पूर्ण भरलेली १.२ लिटरची गाडी घाटातल्या खड्या वळणावर दुसऱ्यात जाणं हा बिघाड नाही.

तुमच्या गाडीत बिघाड आहे की नाही हे ठरवायला एकच गोष्ट विचारतो: ही गाडी दोन वर्षांपूर्वी याच घाटात, एवढ्याच माणसांना घेऊन तिसऱ्यात चढायची का? चढत असेल, तर पुढे वाचा.

गाडी दम तोडते त्या क्षणी आरपीएमचा काटा कुठे जातो ते बघा. पाय दाबल्यावर काटा झपकन वर जातो पण स्पीड वाढत नाही, तर क्लच घसरतोय. ताकद तयार होतेय, वाटेत हरवतेय. मग चढ संपेपर्यंत जळका वासही येतो. पण काटा आणि स्पीड दोन्ही बरोबरीने खाली येत असतील, तर क्लचचा काही संबंध नाही, इंजिनच कमी पडतंय. हे बघायला घाटात जायची गरज नाही. विल्होळीच्या पुढे महामार्गावर मोकळा पट्टा बघून ताशी ४० ला चौथा टाका आणि पाय एकदम पूर्ण दाबा. गाडी हळूहळूच उठेल, ते चालेल. काटा मात्र स्पीडच्या बरोबर चढला पाहिजे, एकटा पुढे पळता कामा नये. ज्यांनी तुम्हाला क्लच सांगितला त्यांनी ही ट्रायल घेतली होती का, हे विचारायला हरकत नाही.

क्लच खरंच घसरत असेल तरी लगेच सेट मागवू नका. केबलचा क्लच असेल तर पेडलला थोडा मोकळा प्ले आहे का बघा. केबल जास्त ताणलेली असली तर प्लेट पूर्ण दाबलीच जात नाही आणि चांगली प्लेटही घसरते. आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलकडे बघायला सांगा. तिथून ऑइल झिरपत असेल तर नवी प्लेटसुद्धा काही महिन्यांत तेलकट होऊन घसरायला लागेल.

ब्रेकचं दोन मिनिटांत कळतं. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, शेवटी ब्रेक फार न दाबता थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एका रिमला हात लावणं अशक्य होतंय आणि बाकीची कोमट आहेत, तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना गंजलेल्या गाड्या आमच्याकडे भरपूर येतात. टायरमधली हवाही याच वेळी बघून टाका.

आता इंजिन. इथे जरा वेळ लावतो, कारण तुमच्या वर्णनावरून माझा संशय इथेच आहे, आणि पार्ट बदलत बसण्याचा खेळही इथेच चालतो. इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं, वेळेवर ठिणगी लागते आणि जळालेला गॅस बाहेर जायला वाट लागते. सपाटीवर चारही थोडी थोडी लागतात, घाटात एकदम भरपूर. जी कमी पडते ती पकडायची.

चेक इंजिनचा दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, सायलेन्सर तुंबलाय हे सांगणाराही नसतो. ईसीयूला जे दिसत नाही त्याचा तो दिवा कसा पेटवणार? म्हणून स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावून ‘एरर काही नाही’ म्हणत तो काढून ठेवणं म्हणजे अर्धं काम. स्कॅनर लावलेलाच ठेवून, शेजारी एक माणूस बसवून, पूर्ण रेसवर आकडे बघायचे असतात.

पहिला आकडा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडतोय त्याचा. पेडल तळाला लावल्यावर तो जवळजवळ पूर्ण उघडला पाहिजे. हसू नका, जाडजूड मॅट पेडलखाली सरकून ते अर्ध्यावरच टेकतंय अशा गाड्या मी पाहिल्यात. दुसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब किती आहे त्याचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे बाहेरच्या हवेचाच दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो. पूर्ण रेसला मॅप ९० च्या वर गेला तर हवेची वाट मोकळी आहे. ऐंशीच्या घरात अडकला तर फिल्टर, फिल्टरची नळी किंवा थ्रॉटल बघा. तुमचा फिल्टर नवा आहे, त्यामुळे इथे काही निघेल असं वाटत नाही. त्या उंचीमुळेच आपल्याकडे बिनटर्बोच्या गाडीची पाच-सहा टक्के ताकद आधीच गेलेली असते आणि गडावर त्याच्या दुप्पट जाते, तो दोष नव्हे.

तिसरा आकडा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे जळालेल्या गॅसात ऑक्सिजन किती उरला ते सांगणाऱ्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. बहुतेक गाड्यांत तो साध्या व्होल्टेजचा असतो. पूर्ण रेस दिल्यावर ईसीयू मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो, तेव्हा हा आकडा ०.८ ते ०.९ व्होल्टला चिकटून राहिला पाहिजे. चढावर तो ०.१-०.२ ला पडला तर पेट्रोल कमी पडतंय. वर चिकटूनच राहिला आणि तरी गाडी ओढत नसेल, तर पेट्रोलला सोडा आणि सायलेन्सरच्या मागे लागा. इथे दोन वाटा फुटतात.

पेट्रोलची वाट आधी. टाकीतली पेट्रोल ढकलणारी मोटर थकली किंवा तिच्या खालची जाळी गाळाने भरली की आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) दाब अगदी बरोबर दिसतो. गॅरेजात उभ्या गाडीला गेज लावला, साडेतीन बार आला, मोटर पास! पण आयडलला पेट्रोल लागतं किती? मी गेजचा लांब पाइप बोनेटच्या फटीतून बाहेर काढतो, गेज काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवतो आणि गाडी चढावर नेतो. पेट्रोलचा गेज केबिनमध्ये कधीच घेऊ नका, पाइप सुटला तर आत फवारा उडेल. मोटर कमजोर असली की चढावर पाय दाबल्यावर काटा साडेतीनवरून तीन, अडीच असा उतरताना दिसतो, आणि अडीचच्या खाली गेला की गाडी गुदमरते. पाय काढला की काटा परत जागेवर. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर गिऱ्हाइकाला समजवावं लागत नाही. तुमच्या गाडीचा नेमका दाब किती हवा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचं, सगळ्यांचा सारखा नसतो. टाकी कायम पाव भरलेलीच ठेवायची सवय असेल तर सोडा. मोटर पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहते.

इथे लोक हमखास E20 चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय काढतात, म्हणून दोन ओळी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडतं. जुन्या गाड्यांसाठी सरकारी अहवालातच सहा-सात टक्क्यांचा अंदाज दिलेला आहे. पण तेवढ्याने गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यात येत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि टाकीत साचलेला जुना चिकटा सुटून जाळीत येतो, ही शक्यता मात्र खरी आहे. जाळी बघाच.

दुसरी वाट सायलेन्सरची. सायलेन्सरच्या पाइपात पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आत मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. कधीकाळी गाडी मिसिंग करत (एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकत) चालवली असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल, तर हा ठोकळा वितळतो, नाहीतर बुजतो. मग गाडी ताशी ५०-६० पर्यंत छान आणि त्यापुढे कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते मोजणारा काटा) असलेला मेकॅनिक हे पाच मिनिटांत सांगतो. आपल्या उंचीवर आयडलला पंधरा ते एकोणीस इंच व्हॅक्यूम दिसला पाहिजे. मग २५०० वर रेस धरून ठेवायची. काटा स्थिर राहिला तर वाट मोकळी. हळूहळू, सेकंदासेकंदाला उतरत गेला तर गॅस आत कोंडतोय. खात्रीसाठी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात. २५०० ला तीन पीएसआयच्या वर गेला की ठोकळा गेलेला आहे. तो पोकळ करून परत बसवून देणारे भेटतील, पण ते बेकायदा आहे, पीयूसीला अडचण येते, आणि मूळ कारण तसंच राहतं. ठोकळा कशामुळे गेला ते आधी शोधा, नाहीतर नवाही जाईल.

ठिणगीचं लक्षण वेगळं असतं, ते तुम्हालाच ओळखता येईल. हवा किंवा पेट्रोल कमी पडलं की गाडी सलग, गुपचूप मरते. प्लगला वीज देणारी कॉइल कमजोर असली की गाडी झटके देते, कारण दाब वाढल्यावर एखाद्या सिलिंडरची ठिणगी मध्येच चुकते. तुम्ही झटक्यांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी ठिणगी खालच्या क्रमांकावर ठेवतो. तरी नव्या प्लगचा गॅप मोजून बसवलाय का, एवढं विचारा. आणि चेक इंजिनचा दिवा चढावर लुकलुकायला लागला तर पाय काढायचा, ती मिसिंगची खूण आहे आणि त्यातच कन्व्हर्टर जळतो.

‘इंजिन खोलू’ म्हणणाऱ्याला आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजायला सांगा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्शन बंद, पेडल तळाला आणि बॅटरी चांगली, असं करून मोजायचं. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असतील तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) हात लावायचं कारण नाही. नव्वद हजारांत, वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन सहसा बसत नाही. सीएनजीवर चाललेल्या गाडीचं थोडं वेगळं असतं, तिचे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत (सीटमध्ये) रुतत जातात, त्यांच्यासाठी ठेवलेली फट (क्लिअरन्स) संपते आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन गळतं. तुमची गाडी मधल्या काळात सीएनजीवर होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे तपासणं वर घ्या. सीएनजीवर दहा-पंधरा टक्के ताकद अशीही कमी मिळते, म्हणून कुठलीही ट्रायल पेट्रोलवर घ्यायची.

हे वाचणाऱ्यांत डिझेलवाले असतील तर वरचं बरंचसं त्यांना लागू नाही. त्यांनी टर्बोच्या रबरी नळ्या, इंटरकूलर, डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) या क्रमाने बघावं. घाटात काळा धूर आणि सूं असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा एखादी नळी फाटलेली निघते आणि टर्बो उगाच बदनाम होतो.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: आधी काटा बघणं, मग चाकांना हात लावून बघणं, मग स्कॅनर लावून पूर्ण रेसची ट्रायल. ऑक्सिजन सेन्सर खाली पडला तर पेट्रोलचा दाब, वर राहिला तर व्हॅक्यूम गेज. यात एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. चांगला मेकॅनिक याचे तपासणीचे पैसे मागेल, ते द्या. आकडा न दाखवता पार्ट सुचवणाऱ्याला मात्र नम्रपणे नको म्हणा. अंबड-सातपूरच्या बाजूला गेज घेऊन काम करणारे लोक आहेत, थोडं विचारलंत तर सापडतील. मला पैज लावायला सांगितली तर मी मोटरच्या जाळीवर लावीन, दुसरा नंबर कन्व्हर्टरचा. पण गाडी न बघता लावलेली पैज आहे, तिच्या भरवशावर खर्च करू नका.

गडाचं म्हणाल तर नांदुरीपासून वरचा घाट साधारण दहा किलोमीटरचा आहे, वळणं घट्ट आहेत, आणि चैत्र यात्रेच्या गर्दीत मध्येच थांबून परत चढावर उठायची वेळ येते. क्लच घसरत असेल तर चार माणसं घेऊन अजिबात जाऊ नका, उभ्या चढावर तो तिथेच जळेल. काटा बरोबर असेल आणि नुसती ताकद कमी असेल, तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवून, चढावर एसी बंद करून, पहिल्या-दुसऱ्यात निवांत जाता येईल. तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर सरकला तर मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन आयडलला चालू ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर करून पंखा लावा. रेडिएटरचं झाकण तेवढं उघडू नका. कन्व्हर्टरवर तुमचा संशय पक्का होत असेल तर गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका, चैत्रात तो भाग पार वाळलेला असतो आणि तुंबलेला कन्व्हर्टर खालून लाल होतो. नाहीतर नांदुरीला गाडी लावून एसटीने वर जा, यात्रेच्या दिवसांत तशीही खासगी गाड्यांना बऱ्याचदा खालीच थांबवतात.